ओळखलंस का? : अव्वावरची कविता, तुमचं मत हवंय

कन्ना_चौक

नमस्कार मंडळी. ही कविता बरेच दिवस वहीत पडून होती. अव्वा म्हणजे माझ्या वडिलांची आई. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घराघरांतल्या बायकांसारखी तिनेही आयुष्यभर विड्या वळल्या. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरची भाषा तेलुगू. पण वडील आणि आत्या शाळेत गेल्या तशी घरात मराठी शिरली आणि अव्वाही मराठी सफाईने बोलायला लागली. आता तिला स्मृतिभ्रंश आहे. घरी येणारं प्रत्येक माणूस तिला एकच प्रश्न विचारतं, त्या प्रश्नाच्या रागातून हे लिहिलं गेलं. नुसतं 'छान' लिहू नका. वाचताना कुठे अडलात, कुठे खोटं वाटलं, ते सांगा.

*ओळखलंस का?*

येणारा प्रत्येक जण वाकतो,
तोंड तिच्या तोंडाजवळ नेतो
आणि विचारतो, ओळखलंस का?
ती हसते.
उत्तर बरोबर आल्यासारखी.

आधी आजचा चहा गेला.
मग कालचा दिवस.
मग आमची नावं, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत.
घर गेलं. मराठी गेली.
पाणी ओसरल्यावर
उजनीच्या पोटातलं देऊळ वर यावं
तशी वर आली तेलुगू,
परकर-पोलक्यातली.

बोटं मात्र कामावर आहेत.
पदराची कड कापतात, भिजवतात,
चिमूट भरतात, वळतात,
नखानं तोंड दुमडतात,
दोरा गुंडाळतात,
सुपात टाकतात.
सूप नाही.

संध्याकाळी मी दारात.
मी कोण, ती विचारत नाही.
विचारते, तिन्नावा?
जेवलास का?

माझ्या आत आता
एक रिकामी खोली आहे,
तिच्या भिंतीवर हलते
विसरलेल्या आठवणींची सावली.

---

हुरडा

'सूप नाही' पाशी थांबलो आणि पुन्हा वरून वाचली. आमच्याकडे मामांचं हेच चाललंय, त्यामुळे कविता म्हणून काही सांगता येत नाही. फक्त एक, पुढच्या वेळी मामांकडे गेलो की तो प्रश्न विचारणार नाही.

---

तळटीप

तुम्ही मोकळेपणाने बोलायला सांगितलंत म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं कडवं पक्कं आहे. वाकून, तोंडाशी तोंड नेऊन प्रश्न विचारणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत आणि आपणही ती असतो. त्या प्रश्नात प्रेम असतंच, पण परीक्षाही असते, आणि म्हातारं माणूस ते बरोबर ओळखतं. तुमची अव्वा हसून वेळ मारून नेते. माणसं विसरली तरी समोरच्याचं मन राखायचं हे ती विसरलेली नाही. तुम्ही ते समजावून सांगत बसला नाहीत हे फार चांगलं केलंत.

तिसरं कडवं सगळ्यात जास्त आवडलं. एकामागून एक क्रियापदं येतात, हात चालत राहतात आणि 'सूप नाही' या दोन शब्दांवर आपटतात. शोक हा शब्द न वापरता शोक आला आहे.

शेवटचं कडवं मात्र काढा. रिकामी खोली, भिंत, सावली हे कुणाच्याही कवितेत चालून जाईल. तुमच्या अव्वाचं त्यात काहीच नाही. 'तिन्नावा?' पर्यंत कविता तिची होती, नंतर एकदम तुमची झाली. आणि ते खरंही नाही असं मला वाटतं. ज्या बाईची बोटं दिवसभर कामावर आहेत आणि जी दारात आलेल्या अनोळखी माणसाच्या पोटाची चौकशी करते, तिच्यापाशी उभं राहून 'रिकामं' हा शब्द सुचावा कसा?

---

भीमाकाठ

मला उजनीवर बोलायचंय. आम्ही करमाळा तालुक्यातले, धरणात गेलेल्या गावातले. धरण १९८० मध्ये पुरं झालं, म्हणजे मी जुनं गाव पाहिलेलं नाही, वडिलांकडून ऐकलेलं आहे.

दुष्काळी वर्षात धरण मृतसाठ्याच्या खाली गेलं की पलीकडच्या इंदापूर तालुक्यात पळसदेवचं पळसनाथाचं जुनं हेमाडपंती देऊळ उघडं पडतं. बातम्या येतात, लोक होडीतून नाहीतर चिखल तुडवत बघायला जातात, फोटो काढतात. तुमच्या ओळीत ते देऊळ वर येणं सुंदर वाटतं. आमच्या घरी ती बातमी आली की वडील गप्प होतात. देऊळ दगडी आहे म्हणून राहिलं. मातीची घरं, बळद, गोठे, चुली यातलं काहीच वर येत नाही, नुसता गाळ वर येतो. टिकाऊ होतं तेवढंच दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, गाव आहे तसंच खाली आहे.

दुसरं म्हणजे ते दिसतं तेव्हा दुष्काळ असतो. तिकडे देऊळ उघडं पडतं तेव्हा इकडे सोलापूरला नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून विचारतो, तुम्हाला ही प्रतिमा एवढ्या अर्थाने हवी आहे का? हवी असेल तर ती फार मोठी आहे, तिला दोन ओळी पुरत नाहीत. नुसती शोभेला हवी असेल तर माझ्यासारख्याला ती टोचते.

---

कन्ना_चौक

भीमाकाठ दादा, तुम्ही लिहिलंत ते आज दिवसभर डोक्यात होतं. अव्वाची तेलुगू अगदी तशीच आहे. आख्खी भाषा परत आलेली नाही. लहानपणी रोज कानावर पडलं तेवढंच आलंय: पाणी, जेवण, ये, बस, आईला मारलेली हाक, एक अर्धवट पाळणा. कारखान्यातल्या मैत्रिणींशी तासन्‌तास गप्पा मारायची ती तेलुगू आता नाही. दगडी होतं तेवढं राहिलं. म्हणून प्रतिमा ठेवतोय, आणि गाळही तिथे यायला हवा हे पटलं.

तळटीप, शेवटच्या कडव्याचा विचार करतोय.

---

साखरपेठ

मी स्वतः लग्नाआधी आणि लग्नानंतरही विड्या वळल्या आहेत, आईबरोबर. कवितेतलं मला जास्त कळत नाही पण कामाचं कळतं. पानं आधी भिजवतात, मग कापतात. कारखान्यातनं पान-तंबाखू आणायचा, पानं रात्री भिजत घालायची, सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि पत्र्याचा फर्मा वर ठेवून कात्रीनं कापायची. कोरडं पान कापलं तर चिरतं. तुम्ही कापतात, भिजवतात असं उलटं लिहिलंय.

बाकी नखानं तोंड दुमडणं बरोबर आहे. त्या बोटाचं नख आमच्यात कुणी वाढू देत नाही आणि पार कापतही नाही. पंचवीसची जुडी बांधायची. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा हातात घेऊनच सांगायचा कुठली बाद. माझ्या आईला न मोजता पंचवीस कळायच्या, मुठीच्या मापावरनं.

---

कन्ना_चौक

साखरपेठ ताई, तुम्ही वाचलंत याचा फार आनंद झाला, तुमच्यासारख्यांसाठीच लिहिलं होतं. उलटा क्रम मुद्दाम आहे. अव्वाची बोटं आता तसंच करतात. पहिल्यांदा सगळं बरोबर व्हायचं, पदराचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवायची आणि मग दोन बोटांची कात्री चालवायची. अलीकडे आधी कात्री चालते, मग बुडवणं. कधी दोरा आधी आणि वळणं नंतर. ज्याला काम माहीत आहे त्यालाच हे खटकेल असं वाटलं होतं, आणि तुम्हाला खटकलं.

---

नाडी

मी फिजिशियन आहे, सोलापुरातच. वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

आठवणींचा एकच साठा नसतो. काल काय घडलं, समोरचा कोण, हे ज्या यंत्रणेत बसतं तिचं मुख्य केंद्र मेंदूच्या बाजूच्या भागात आत, हिप्पोकॅम्पसपाशी आहे. अल्झायमरमध्ये बहुतेकदा पहिला घाव तिथेच बसतो. सायकल चालवणं, विणणं, विडी वळणं ही हातांची शिकवण वेगळ्या ठिकाणी असते, मेंदूच्या आणखी आतल्या केंद्रांत आणि लहान मेंदूत. तिथे आजार उशिरा पोचतो.

याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाचा. १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा हा भाग काढला आणि त्याला नवं काही लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दर दिवशी त्याला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय, पण हात दिवसागणिक सुधारत गेला.

भाषेचंही काही रुग्णांत असंच दिसतं. नंतर शिकलेली आधी जाते, लहानपणची मागे राहते. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पण मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलणाऱ्या आपल्या गावात हे माझ्या नजरेला बऱ्याचदा पडतं. घरचे घाबरून सांगतात, 'डॉक्टर, त्या काहीतरी बडबडतात.' बडबड नसते, आजीची माहेरची भाषा असते आणि नातवंडांना ती येत नसते.

क्रम उलटा होतोय हे मात्र तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आजार पुढे सरकला की हातांच्या कामाची साखळीही तुटायला लागते.

आणि हे इथल्या सगळ्यांसाठी: विसरायला लागलं की 'वयोमानाने' म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कानानं कमी ऐकू येणं, एखाद्या औषधाचा परिणाम, यातलं काही असेल तर उपचार करता येतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्याकडे साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. तपासायला फार थोडे येतात.

---

बाळे_वेस

डॉक्टरांच्या बोलण्यावरून वडिलांचं सांगतो. ते तरुणपणी सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी, पेलायचे. शेवटच्या वर्षांत त्यांना मी कोण ते कळायचं नाही, मला ते 'साहेब' म्हणायचे. गड्ड्याच्या, म्हणजे त्या यात्रेच्या, दिवसांत बाराबंदी घालून त्यांना खुर्चीत रस्त्याकडेला बसवलं होतं. मिरवणूक आली, कुणीतरी गर्दीतून ओरडलं, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला...' आणि वडिलांनी अख्ख्या गर्दीच्या वर 'हर्र' दिला. कमरेचा पट्टा बांधून घेतात तसे हात कमरेशी गेले, पाय रुंद झाले, पाठ ताठ. काठी पेलायला आधी पायच ठरवावे लागतात, तसे त्यांनी ठरवले.

मिरवणूक गेल्यावर मला म्हणाले, साहेब, कुठनं आलात तुम्ही? मला त्या दिवशी अजिबात वाईट वाटलं नाही. कवितेतल्या 'तिन्नावा'पाशी मला ते आठवलं. मुलगा म्हणून ओळखलं नसेल, पण घरी आलेल्या पाहुण्याची चौकशी केलीच.

---

जुनी_मिल

थोडं अवांतर. माणसाच्या विसरण्याबद्दल बोलतोय तर गावाच्या विसरण्याबद्दलही बोलायला हवं. १८७७ ला सुरू झालेली जुनी मिल, शिवाय लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या. भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची म्हणतात. माझ्या मुलाला भोंगा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. चार हुतात्म्यांचा पुतळा रोज बघतो आणि त्यातली चार नावं विचारली तर त्याच्या वर्गातल्या एकालाही सांगता येईनात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी.

अव्वाला 'ओळखलंस का' विचारू नये हे शंभर टक्के मान्य. गावाला मात्र तोच प्रश्न विचारत राहिलं पाहिजे. गावाला आजार झालेला नाही, गावाने लक्ष काढून घेतलंय.

---

तळटीप

जुनी_मिल, यावर वेगळा धागा काढा, मी येतो. माणूस विसरतो तेव्हा ते त्याच्या हातात नसतं, गाव विसरतं तेव्हा कुणीतरी ते ठरवलेलं असतं. हा फरक महत्त्वाचा आहे आणि इथे कवितेखाली त्याला जागा पुरणार नाही.

---

रात्रपाळी

सगळे प्रतिसाद वाचले. आता मी जे लिहितेय ते कडू लागेल, पण मनापासून लिहितेय.

सासूबाईंचं सगळं मी केलं. रात्री तीनला उठून त्या पिशवी भरायच्या, दोन लुगडी, देवातली घंटी, एखादी चपाती, आणि 'मला घरी जायचंय' म्हणून कडी काढायच्या. गॅसचं बटण उघडं ठेवायच्या. त्यांच्या बांगड्या मी चोरल्या असं शेजारी सांगायच्या, आणि शेजारच्यांपैकी काहींनी ते खरं मानलं. अंघोळीला नेलं की ओरबाडायच्या, कारण त्यांच्या लेखी कुणी परकी बाई त्यांचं लुगडं सोडत होती. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

आमच्याकडेही पाहुणे संध्याकाळी यायचे. चहा घ्यायचे, ओळखलंस का विचारायचे, डोळे पुसायचे, जायचे.

कन्ना_चौक, तुमच्या कवितेतला 'मी' संध्याकाळी दारात येतो. तेव्हा अव्वाची अंघोळ झालेली असते, वेणी घातलेली असते, पोटात दोन घास गेलेले असतात, म्हणून ती शांत बसून 'तिन्नावा?' विचारू शकते. तो प्रश्न तुम्हाला एकदा ऐकू येतो आणि तुमचं मन भरून येतं. दिवसभरात तो कितीदा विचारला जातो आणि दर वेळी उत्तर कोण देतं? ती बाई तुमच्या कवितेत कुठेच नाही. अव्वाला वेणी कोण घालतं?

हात आठवतात, भाषा आठवते, सगळं खरं आहे, मीही पाहिलंय. सासूबाई शेवटपर्यंत लसूण सोलायच्या, एक साल राहू द्यायच्या नाहीत. पण त्या लसणाच्या टोपलीशेजारी तासन्‌तास एक जण बसून असायची, सुरी लांब ठेवत. विसरणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना त्या बसून राहिलेल्या माणसाला वगळलं तर कविता अर्धीच राहते.

---

हुरडा

रात्रपाळी ताई, मामींना हा प्रतिसाद आत्ता पाठवला.

---

नाडी

रात्रपाळींच्या प्रत्येक वाक्याशी सहमत. माझ्या खोलीत रुग्णाला घेऊन येणारी बाई बहुधा सून नाहीतर मुलगी असते, आणि बऱ्याचदा मला वाटतं, तपासावं ते तिलाच. तिचा रक्तदाब, तिची झोप. संध्याकाळी अशा रुग्णांची तगमग वाढते, त्याच वेळी पाहुणे आले तर आणखी बिघडतं. भेटायला सकाळी जा. गेल्यावर आपलं नाव आपणच सांगा: 'अव्वा, मी अमका, तुझा नातू.' विचारायचं काही नाही. आणि जमलं तर त्या सुनेला म्हणा, मी बसतो दोन तास, तू झोप. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे. घरातल्या सांभाळणाऱ्यांनीही तिथे फोन करावा.

---

कन्ना_चौक

रात्रपाळी ताई, वेणी आई घालते. अव्वा तिची सासू. अंघोळ, जेवण, रात्रीची उठबस, सगळं आईच. काल तिला सगळा धागा वाचून दाखवला, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचायला लावलं तिने. मग म्हणाली, 'त्या बाईला सांग, बांगड्यांचं आमच्याकडेही झालं.'

खोली आणि सावली काढली. शेवट आता असा आहे:

संध्याकाळी मी दारात.
मी कोण, ती विचारत नाही.
विचारते, तिन्नावा?
हे आईला सकाळपासून
विचारून झालंय,
कितीदा ते आईलाच ठाऊक.
दर वेळी वेणीतला हात न थांबवता
आई सांगते, तिन्नानु.
जेवले मी, अव्वा. जेवले.

उजनीच्या कडव्यात 'तशी वर आली तेलुगू' नंतर 'दगडी तेवढी, बाकी गाळ' अशी ओळ घातली आहे. 'परकर-पोलक्यातली' तिथून गेली.

आणखी एक. आई म्हणाली, 'सूप नाही' असं काय लिहिलंस, सूप माळ्यावर आहे. काढून, पुसून अव्वाच्या मांडीवर दिलं. तिने आधी उलटं करून झटकलं आणि मग मांडीवर बरोबर डाव्या अंगाला तिरकं धरलं. कालपासून सोडलेलं नाही. कवितेतून 'सूप नाही' काढायचं की ठेवायचं ते ठरत नाहीये.

---

तळटीप

ठेवा. त्या क्षणी नव्हतं. आईंचा हात वेणीतून न थांबणं हे आता कवितेतलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे. 'जेवले मी, अव्वा. जेवले' मधलं दुसरं 'जेवले' काढून बघा. आईंचा आवाज मला एकदाच सांगणारा वाटतो.

---

भीमाकाठ

गाळाची ओळ वाचून वडिलांना दाखवली. 'बरोबर आहे' म्हणाले. ते कवितेला याहून जास्त काही म्हणणारे नाहीत.

---

रात्रपाळी

आईंना माझा नमस्कार सांगा. दुसरं 'जेवले' ठेवा. एकदा सांगून कधीच भागत नाही.

---

साखरपेठ

सूप दिलंत ते बरं केलं. नुसतं सूप घेऊन त्या किती वेळ बसतील, हाताला पान लागतं. माझ्या जावेकडे अजून काम चालू आहे, ती कापलेली पानं देईल, मी आणून ठेवते. कन्ना चौकात मला यायचंच असतं. तंबाखू अजिबात देऊ नका, तोंडात जाईल. त्याच्या जागी रवा चालेल, सांडला तरी काही नाही. दोरा आखूड तुकडे करून द्या. कात्री बोथट असली तरी नको, फर्मा पण नको, त्याला धार असते. आणि पानं ओल्या फडक्यात ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत वाळून चुरा होतो आणि मग चिडतील.